बॉलरूमचा पहिला बूट घेण्याआधी फरशी बघा

वयाच्या छेचाळिसाव्या वर्षी मी आणि नवरा बॉलरूम, म्हणजे वॉल्ट्झ-टँगोसारखे जोडीने करायचे विलायती नाच, शिकायला गेलो. माझ्या पायात सोनेरी सँडल होती: तीन इंच टाच, पेन्सिलीइतकी बारीक, तळ रबराचा. दुकानातल्या आरशात ती झकास दिसली होती. वर्गात पहिल्याच वळणाला अंग फिरलं, पाऊल मात्र फरशीला चिकटून राहिलं आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की पुढचे बारा दिवस मी कठडा धरून जिना उतरत होते. नवऱ्याची गत उलटी. त्याचे लग्नातले जुने फॉर्मल बूट, गुळगुळीत कातडी तळाचे. हॉलच्या चकचकीत फरशीवर तो शेवाळावर पाय पडल्यासारखा चालत होता.

सरांनी दोघांचे बूट हातात घेऊन उलटे केले. बूट आधी तळाकडून बघायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही नुकतेच वर्गाला जायला लागला असाल, किंवा घरच्या लग्नात वॉल्ट्झ करायचं ठरलं असेल, तर माझा गुडघा तुमच्या उपयोगी पडो.

पहिला महिना काही घेऊ नका

नवीन छंद लागला की आधी सामान घ्यायची आपली सवय. इथे ती आवरा. महिनाभरात कळतं की तुम्हाला वॉल्ट्झ आवडतोय की चाचाचा, वर्ग टिकणार आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे तिथली जमीन कशी आहे.

तोवर घरातलंच वापरा. पुरुषांनी कातडी किंवा झिजून गुळगुळीत झालेल्या तळाचे, लेस बांधायचे फॉर्मल बूट. बायकांनी मागे आणि घोट्याशी पट्टा असलेली, दीड इंचापर्यंत जाड टाचेची सँडल. स्पोर्ट्स शूज नकोत. त्यांच्या तळाच्या खाचा जमीन पकडून ठेवण्यासाठीच केलेल्या असतात आणि नाचात नेमकं तेच नको असतं. दुसरं काहीच नसेल तर कॅनव्हासच्या बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागावर जुन्या मोज्याची पट्टी चढवायची, टाच उघडी ठेवायची. दिसतं विनोदी, पण पाऊल फिरतं. फक्त गुळगुळीत टाइल्सवर हा प्रयोग करू नका.

मागे पट्टा नसलेलं काहीही नको. आमच्या वर्गातल्या एका काकांनी तर्क लढवला होता की कोल्हापुरीचा तळ कातड्याचा, म्हणजे चालायला हवं. तळ चाललाही असता. पण क्विकस्टेपच्या तिसऱ्या पावलाला त्यांची चप्पल सुटली आणि पुढच्या जोडीच्या पायात गेली.

तळ: स्वेड का?

नाचाच्या बुटाचा तळ स्वेडचा असतो. स्वेड म्हणजे कातड्याची आतली, लव असलेली बाजू. ही लव जमिनीला थोडीशी धरते आणि चवड्यावर वळलं की सोडते. रबर धरतं पण सोडत नाही. पॉलिश केलेलं कातडं सोडतं पण धरत नाही. स्वेड या दोघांच्या मधलं.

याचा गुडघ्याशी संबंध कसा, ते बघा. वॉल्ट्झमधलं पहिलं शिकवतात ते उजवं वळण घ्या. त्याच्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे तीन पावलांत, जोडी वर्तुळाचा तीन अष्टमांश, १३५ अंश फिरते. वर्गाच्या एका तासात असं वळण पन्नास वेळा सहज होतं. दर वेळी पाऊल मागे राहिलं आणि मांडी पुढे गेली तर मधल्या सांध्याला पीळ बसणारच. गुडघा घडी घालण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही.

फरशी: आपल्याकडची खरी भानगड

हे बूट ज्या जमिनीसाठी घडले ती जमीन आपल्याकडे क्वचित मिळते. बॉलरूमची पंढरी म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकपूल. तिथल्या विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० साली नृत्य महोत्सव सुरू झाला, आणि जगभरच्या जोड्या आजही तिथे जाऊन नाचायचं स्वप्न बघतात. त्याच गावातल्या टॉवर बॉलरूमची जमीन महोगनी, ओक आणि अक्रोड या लाकडांच्या तीस हजारांहून जास्त तुकड्यांची आहे. नाचाची चांगली जमीन लाकडी असतेच, शिवाय खालून थोडी लवचिक ठेवलेली असते. पाय पडला की ती किंचित दबते आणि धक्का स्वतःकडे घेते.

आणि आपण नाचतो कुठे? सोसायटीच्या हॉलमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर, शाळेच्या कोटा फरशीवर, जुन्या जिमखान्याच्या किंवा चर्चच्या हॉलमधल्या मोझेकवर, गच्चीवर. फरशी दबत नाही. धक्का सगळा टाचेला, नडगीला आणि कमरेला. म्हणून बूट घेण्याआधी एक चाचणी करा. वर्ग सुरू व्हायच्या आधी हॉलमध्ये जा, स्वच्छ सुती मोजे घाला, एका चवड्यावर उभं राहून पाव वळण घ्या.

पाय सरकन निघून गेला तर जमीन निसरडी. तिथे स्वेडच हवा, आणि ब्रश मारून लव उभी केलेला. सुळसुळीत झालेला स्वेड टाइल्सवर कातडी तळाइतकाच धोक्याचा. बायकांनी पहिल्या जोडीत टाच दीड इंचावर थांबवलेली बरी. वळण जमलं पण मोज्याला खरखर जाणवली, तर कोटा किंवा जुनं मोझेक असणार. तिथे स्वेड भराभर झिजतो. रोजच्या सरावाला कातडी तळाची जोडी आणि कार्यक्रमाला स्वेडची, असं आमच्यातले बरेच जण करतात. मोजा अडकलाच तर ते सिमेंट. तिथे स्वेडचा बूट पिशवीतून बाहेरही काढू नका.

कडक जमिनीवर आठवड्यातून दोनदा नाचणार असाल तर बुटाच्या आत चवड्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा फोमचा तुकडा लागेल. तो धरूनच माप घ्या. नंतर सरकवला की बूट चावायला लागतो.

आणि फिनेल. आपल्याकडे वर्गाच्या पाच मिनिटं आधी कोणीतरी प्रेमाने फरशी पुसून ठेवतं. ओल्या फरशीवर स्वेड टेकला की लव बसते, धूळ त्यात गाळासारखी जमते आणि तळ काळा, चकचकीत होतो. फरशी सुकेपर्यंत गप्पा मारा.

कोणता नाच, कोणता बूट

स्पर्धेच्या बॉलरूममध्ये दहा नाच आणि दोन घराणी. स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. लॅटिनमध्ये चाचाचा, सांबा, रुंबा, पासो दोब्ले, जाइव्ह.

स्टँडर्डमध्ये जोडी एकमेकांना धरून हॉलभर फिरते आणि पुढचं पाऊल बहुतेक वेळा टाचेवर पडतं, आपण रस्त्याने चालतो तसं. म्हणून बाईचा बूट पुढून बंद, पायाला घट्ट बसणारा, टाच साधारण दोन ते अडीच इंच. पुढून बंद असण्याचं व्यवहारी कारण एवढंच की जोडीदाराचा बूट तुमच्या बोटांपासून दोन बोटांवर असतो. पुरुषाचा बूट काळा, लेसचा, टाच साधारण एक इंच. चकचकीत पेटंट लेदरचे दिसतात देखणे, पण दोन्ही पाय एकमेकांना घासले की ते चिकटून कुरकुरतात, मग कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवावं लागतं. नवशिक्याला साधं कातडंच बरं.

लॅटिनमध्ये पाऊल बहुतेक चवड्यावर पडतं आणि पंजा सतत ताणून दाखवायचा असतो. बाईची सँडल पुढून उघडी, तळ मऊ, टाच अडीच ते तीन इंच. पुरुषाची टाच दीड इंच, जाड आणि खाली निमुळती होणारी. तिला क्यूबन हील म्हणतात. तिच्यामुळे शरीराचं वजन आपोआप पुढे, चवड्यावर येतं.

आता खरा प्रश्न. वर्गात दोन्ही घराणी थोडीथोडी शिकवतात, मग काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. पुरुषांनी स्टँडर्डचा एक इंची बूट घ्यावा, त्यात चाचाचा व्यवस्थित होतो. बायकांनी सरावाची लेसवाली किंवा पट्ट्याची, दीड ते दोन इंच जाड टाचेची जोडी घ्यावी. ती दोन्हीकडे चालते. साटिनच्या कातडीरंगी सँडल सुंदर असतात, मलाही मोह होतो. पण साटिनवर जोडीदाराच्या काळ्या बुटाचा एक डाग पडला की तो निघत नाही, आणि नवशिक्या जोडीदाराचा बूट पायावर पडतोच.

टाच

उंचीपेक्षा आकार महत्त्वाचा. खाली पसरत जाणाऱ्या टाचेला फ्लेअर म्हणतात. जमिनीला टेकणारा भाग मोठा, म्हणून तोल सांभाळायला सोपी. बारीक सरळ टाच पुढच्या वर्षी.

टाच कुठे बसवली आहे तेही बघा. बूट टेबलावर ठेवून मागून आणि बाजूने बघा: टाच तुमच्या टाचेच्या हाडाच्या बरोबर खाली हवी, मागे सरकलेली नको. मग दोन बोटांनी हलवा. जरा जरी हलली तरी परत ठेवा. बुटाच्या आत, कमानीखाली, टाचेपासून चवड्यापर्यंत एक पोलादी पट्टी असते. कारागीर तिला शँक म्हणतात. बूट हातात धरून वाकवा. तो चवड्याशी वाकला तर पट्टी योग्य जागी आहे. मध्येच, कमानीशी वाकला तर पट्टी नाहीच किंवा तकलादू आहे. फॅशनच्या बऱ्याच सँडल इथेच नापास होतात. लेसचे सरावाचे काही बूट मात्र मुद्दाम कमानीशी तळ तोडून बनवतात. ते वेगळं प्रकरण, त्याला नापास करू नका.

माप

संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय किंचित सुजलेला असतो आणि नाचतानाही तसाच असणार आहे. कोरा कागद फरशीवर, त्यावर दोन्ही पायांवर वजन टाकून उभं राहायचं, दुसऱ्या कोणीतरी पेन्सिल सरळ धरून बाहेरची रेघ मारायची. स्वतः वाकून मारलीत तर माप चुकतं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. पंज्याची सगळ्यात रुंद जागा लिहा, आणि तिथेच टेप गुंडाळून घेर. दोन्ही पायांचं घ्या, एक थोडा मोठा असतोच.

ही रुंदी विसरू नका. आपल्यातले बरेच जण लहानपणी अनवाणी आणि नंतर चपलेत वाढलेले. पाय पुढून पसरट, अंगठा आणि पुढचं बोट यांच्यात फट. विलायती साचा अरुंद पायाचा असतो. मग आपण एक नंबर मोठा घेतो, पुढे रुंदी जमते आणि टाच मागे सुटते. हा उपाय चुकीचा. लांबी तीच ठेवून रुंद फिटिंग मागा. चांगले कारागीर रुंदीच्या तीन-चार पायऱ्या ठेवतात. अंगठ्याच्या बुडाशी हाड पुढे आलेलं असेल तर सांगा, तिथे पट्ट्याची शिवण नको.

आपल्या बुटांवरचे नंबर साधारण ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि अर्धा नंबर सव्वाचार. बायकांच्या बुटाचा ब्रिटिश ५ अमेरिकन पद्धतीत साधारण ७ होतो. ऑनलाइन मागवताना नंबरापेक्षा मिलिमीटरवर विश्वास ठेवा, आणि परत घेण्याची अट आधी वाचा. तळ एकदा जमिनीला लागला की सहसा कोणी परत घेत नाही.

घालून बघताना

नाचाचा बूट रोजच्या बुटापेक्षा घट्ट हवा. दुखेल इतका नाही, पण रोजच्या बुटात पुढे जी अंगठाभर जागा ठेवतो ती इथे नको. लॅटिन सँडलमध्ये बोटं तळाच्या कडेपर्यंत यायला हवीत, जरा पुढे डोकावली तरी चालतं. कातडं आणि साटिन दोन्ही सैल पडतात, म्हणून दुकानात "अगदी आरामशीर" वाटणारी जोडी महिन्याभरात मोठी होते.

गालिच्यावर उभं राहा आणि चवड्यावर या. टाच बुटातून सुटली? नापास. पाय कडेला कलंडला? टाच उंच किंवा चुकीच्या जागी. करंगळी पट्ट्याबाहेर निसटली? पट्टा चुकीचा. मग एक पाऊल मागे टाका, लांब. बहुतेक जण पुढे चालून बघतात, पण बॉलरूममध्ये बाईचा अर्धा वेळ मागे जाण्यात जातो आणि सैल बूट तिथेच उघडा पडतो. पुरुषांनी नाचताना जे पातळ मोजे घालणार तेच घालून बघावं.

पट्ट्यांबद्दल थोडं. घोट्याभोवतीचा पट्टा टाचेला धरतो, कमानीखालून जाणारा तळाला पायाशी चिकटवून ठेवतो. पाय अरुंद असेल तर दुसरा जास्त कामाचा. बक्कल आकड्याचं असेल तर एका हाताने निघतं, आणि दोन तासांनंतर खाली वाकून भोकं शोधावी लागत नाहीत याची किंमत तेव्हाच कळते.

कुठून घ्यायचं

सुपाडान्स, फ्रीड ऑफ लंडन, इंटरनॅशनल डान्स शूज, रे रोज ही ब्रिटिश नावं, वेर्नर केर्न हे जर्मन. फ्रीडचं दुकान १९२९ पासूनचं, मूळ बॅलेच्या बुटांचं. माल उत्तम, पण पहिल्या जोडीला नको. आयात शुल्क भरून आलेला बूट चावला तर परत पाठवण्याचा खर्च आणखी वेगळा.

आपल्या शहरात नाचाचे बूट मापाने शिवून देणारे कारागीर असतात. पत्ता वर्गातल्या जुन्या जोड्यांकडे मिळतो. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: घरातला चांगला बसणारा, शँक धड असलेला बूट चांभाराकडे न्यायचा आणि तळाला स्वेड बसवून घ्यायचा. सांगताना हे नेमकं सांगा. जुनं रबर पूर्ण काढायचं, त्याच्यावरच स्वेड चिकटवायचा नाही, नाहीतर तळ जाड होतो आणि जमीन जाणवत नाही. स्वेड दीड-दोन मिलिमीटर, लव खालच्या बाजूला. (माझ्या नवऱ्याच्या बुटाला पहिल्यांदा उलटा बसला होता.) शिवण नको, चिकटवायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचा. टाचेच्या टोकाला मात्र रबरच राहू द्या. सगळा तळ स्वेडचा केला तर थांबायला काही उरत नाही.

लग्नात नाचणार असाल तर

गोव्यात, वसईत, वांद्र्यात लग्नात बँड वाजतो, ग्रँड मार्च निघतो, वॉल्ट्झ आणि जाइव्ह होतात, आणि आज्या नातवांपेक्षा चांगल्या नाचतात. आता हिंदू घरांतही संगीतच्या रात्री नवरा-नवरीचा वॉल्ट्झ असतो. शिंप्याकडे गाऊनचं शेवटचं माप द्यायच्या आधी बूट घ्या आणि माप देताना तेच घाला. टाच अर्धा इंच जरी बदलली तरी घेर पायात येतो. मग निदान दोन आठवडे त्याच बुटात सराव करा. आणि नाचायची जागा आधी विचारून घ्या. लॉन किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर स्वेड घरी ठेवा, जाड टाचेची कातडी तळाची सँडल घाला. जमिनीवर पावडर शिंपडायचा उत्साह कोणी दाखवला तर थांबवा, टाइल्सवर पावडर म्हणजे घसरगुंडी.

बूट पायात बसेपर्यंत आणि नंतर

नवी जोडी घरात मोजे घालून, रोज पंधरा-वीस मिनिटं. स्वयंपाकघरात नको, तेलाचा एक थेंब स्वेडचं वाटोळं करतो. बाथरूममध्ये तर नकोच. हॉलमध्ये जाऊन बदलायचे, बाहेर पडताना काढायचे, रस्त्याला कधीच लावायचे नाहीत. हे सांगूनही प्रत्येक वर्गात एक जण चहाला त्याच बुटात जातो.

तारेचा ब्रश पिशवीत ठेवा. तळ हाताला गुळगुळीत लागला की छोटे, हलके फटके मारायचे, लव उभी राहीपर्यंत. जोराने घासलं तर लव नाही, तळच निघतो. दर वर्गाला गरज नसते, हाताने चाचपून ठरवा. बारीक टाचेला प्लॅस्टिकची पारदर्शक टोपी मिळते. लाकडी जमीन असलेले हॉल ती लावल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते बरोबर आहे. टोपीला भोक पडलं की लगेच बदला, आतला खिळा जमिनीवर ओरखडे काढतो.

पावसाळ्यात बूट कापडी पिशवीत, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या माझ्या जोडीवर ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी आली होती. ओले झाले तर पंख्याखाली सावलीत. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली गोंद सुटतो आणि तळ कडेने उकलतो. घोट्याचा पट्टा शिवणीत ताणलेला दिसला किंवा टाच हलायला लागली तर बूट दुरुस्तीला द्या. ब्रश मारूनही लव उठत नसेल, तर तळ बदलायची वेळ झाली. वरचा भाग धड असेल तर एका बुटाला दोन-तीन तळ सहज होतात.

ती सोनेरी सँडल अजून आहे. तिलाही स्वेड बसवू म्हणून मी ती चांभारकाकांकडे नेली. त्यांनी टाच दोन बोटांत धरून हलवली, बूट मधोमध वाकवला, आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "ताई, ही बसून जेवायच्या लग्नाला घाला."